आपण स्वतःच ‘शॉक’ हा शब्द हळू आवाजात का उच्चारतो?

प्रश्न : संध्याकाळचे_क्लिनिक (इंदूर)

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. अकरा वर्षांपासून इंदूरमध्ये काम करते आणि माझ्याकडे येणारी निम्मी कुटुंबे मराठी असतात. खालील हकीकत त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आपल्या आईविषयी विचारायला आला. आई निवृत्त शिक्षिका, वय साठीच्या आसपास. दोन महिन्यांपासून तिची ठाम समजूत झाली होती की तिच्या हातून काही घोर पाप घडले आहे, त्यामुळे तिची आतडी सडली आहेत आणि घरातले अन्न तिच्या पोटात गेल्यावर विष होते. ती जेमतेम दोन घास खात असे आणि रात्र-रात्र पलंगाच्या कडेला बसून राहत असे. दोन प्रकारची नैराश्यविरोधी औषधे, त्यांच्या जोडीला भ्रमावरचे औषध, असे सगळे पुरेशा मात्रेत देऊन झाले होते. मनोविकारतज्ज्ञांनी ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे डोक्याला विजेचा प्रवाह देऊन आकडी आणण्याचा उपचार, लोकांच्या भाषेत ‘शॉक’) सुचवली होती. मुलाला फक्त एवढेच विचारायचे होते, ‘‘मॅडम, शॉक द्यायचे का? तुम्ही सांगाल तसं करू.’’

मी नाही म्हटले नाही, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले आहे. मी म्हटले, ‘‘तो शेवटचा उपाय असतो. घाई करू नका.’’ हे वाक्य म्हणताना माझा आवाज खाली आला होता आणि समोरच्या माणसाने शब्दांपेक्षा तो आवाजच ऐकला. घरी जाऊन त्याने सांगितले की मॅडमही नको म्हणाल्या. पुढचे तीन आठवडे कुटुंबाने काढे, अंगारे, आणखी एक डॉक्टर आणि एक निसर्गोपचार केंद्र यांत घालवले. बाई शेवटी अतिदक्षता विभागात दाखल झाल्या, कारण पाणीही पोटात न गेल्यामुळे मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. प्रकृती सावरल्यावर ईसीटी सुरू झाली. पाचव्या वेळेनंतरच्या सकाळी सुनेने पोहे आणले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘वर जीरावन का नाही घातलं?’’ जीरावन म्हणजे इंदूरला पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला; इंदूरबाहेरच्या वाचकाला यातले गांभीर्य कदाचित कळणार नाही. ज्या बाईला दोन महिने अन्न म्हणजे विष वाटत होते, ती पोह्यांच्या चवीबद्दल तक्रार करत होती.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. मी पुस्तकात ईसीटीची परिणामकारकता वाचलेली आहे आणि परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले आहे. तरीही सल्ला द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघाले ते पुस्तकातले नव्हते. आमच्या एम.फिल.च्या काळात या विषयावर एक व्याख्यान झाले, प्रत्यक्ष ईसीटी मात्र मी तोवर एकदाही पाहिलेली नव्हती. जे पाहिले होते ते हिंदी चित्रपटांत : खलनायक, पट्ट्यांनी बांधलेला नायक, मोठा खटका आणि किंचाळी. आमच्या शहरात ‘बाणगंगेला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) पाठवा’ ही चेष्टा ज्या सहजतेने होते, ती ऐकतच मी मोठी झाले. समाजातील कलंकाबद्दल आपण शिबिरांत बोलतो, पण तो आपल्याच खोलीत, आपल्याच घशात बसलेला असतो, त्याचे काय करायचे? मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी, आणि हा उपचार स्वतः घेतलेल्यांनीही, मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त_मनोविकारतज्ज्ञ

ताई, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. आपले ‘शेवटचा उपाय’ हे शब्द आपण आमच्याकडूनच उचललेले आहेत. मी स्वतः ते तीस वर्षे वापरले. वैद्यकीय दृष्ट्या ते चूक आहेत. ज्या नैराश्यात भ्रम असतात, ज्यात रुग्ण खाणे-पिणे सोडतो, जिथे आत्महत्येचा धोका आज-उद्याचा असतो, किंवा ज्या कॅटाटोनियात माणूस पुतळ्यासारखा थिजून राहतो आणि लोराझेपाम या शामक औषधाने सुटत नाही, तिथे ईसीटीचा विचार लवकर करायचा असतो. आपल्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत पहिले दोन निकष सरळच लागू होत होते. भ्रमयुक्त नैराश्यात हा उपचार साध्या नैराश्यापेक्षाही चांगला लागू पडतो. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात खरी ईसीटी ही खोट्या ईसीटीपेक्षा (म्हणजे फक्त भूल देऊन विद्युतप्रवाह न देण्यापेक्षा) आणि औषधांपेक्षाही नैराश्यात अधिक प्रभावी ठरली होती.

आता भीतीच्या उगमाविषयी. 1934 मध्ये बुडापेस्टला मेडुना या डॉक्टरांनी आधी कापूर आणि मग मेट्राझॉल हे औषध टोचून आकडी आणण्याचा उपचार सुरू केला. आकडी येण्यापूर्वीच्या काही क्षणांत रुग्णाला जी भयंकर धास्ती वाटे, तिच्यामुळे तो पुन्हा सुई टोचून घ्यायला तयार होत नसे. 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी आकडी आणण्यासाठी विजेचा वापर केला तो या तुलनेत सुसह्य म्हणून. मात्र विजेची सुरक्षित मात्रा समजावी यासाठी चेर्लेत्ती कत्तलखान्यात डुकरांना दिला जाणारा झटका पाहून आले होते आणि ही गोष्ट उपचाराला कायमची चिकटली. उपचाराची जन्मकथाच अशी असल्यावर त्याच्या वाट्याला चांगले नाव कुठून येणार? भूल आणि स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन हे 1950च्या दशकात आले, पण लोकांच्या डोळ्यांसमोरचे चित्र त्याआधीचेच राहिले. खुद्द इटलीत आज हा उपचार अगदी मोजक्या ठिकाणी होतो.

व्यावसायिकांच्या दृष्टिकोनाचे सर्वेक्षणही काही नवे नाही. अमेरिकेत 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते यांची तुलना केली होती आणि ज्याला ईसीटीची माहिती जास्त, त्याचा कल अनुकूल, असे दिसले होते. दुसऱ्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रपटांतील ईसीटीची दृश्ये दाखवल्यावर सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांचा या उपचाराला असलेला पाठिंबा कमी झाला. ते भावी डॉक्टर होते, हे लक्षात घ्या.

पण या आकडेवारीच्या आड आम्ही मनोविकारतज्ज्ञांनी लपू नये. मी ज्या ज्या रुग्णालयांत काम केले, तिथे ईसीटीची खोली नेहमी कॉरिडॉरच्या टोकाला, भांडारघराच्या शेजारी असे. दारावर पाटी नसे. नातेवाइकांना आम्ही ‘एक छोटी प्रोसीजर’ म्हणून सांगत असू. एका खासगी दवाखान्याच्या माहितीपत्रकातून ईसीटीचा उल्लेख मीच काढायला लावला होता, कारण आलेला रुग्ण बिचकून पळेल असे वाटले. ज्या गोष्टीची आपण स्वतः पाटी लावत नाही, तिची लाज लोकांना वाटते म्हणून आपण शिबिरे घेतो, ही गंमतच म्हणायची. 1972 मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगलटन यांना, पूर्वी नैराश्यासाठी ईसीटी घेतल्याचे उघड होताच, काही दिवसांतच उमेदवारी सोडावी लागली होती. मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगत असे आणि त्याच संध्याकाळी रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, नातेवाइकांच्या विनंतीवरून, ईसीटी हा शब्द न लिहिता नुसतीच तारखांची यादी देत असे.

उत्तर २ : पांढरी_साडी_ते_निळा_गणवेश

मी परिचारिका आहे आणि पुढच्या वर्षी सेवानिवृत्त होईन. डॉक्टरसाहेबांनी माहिती आणि दृष्टिकोन यांचा संबंध सांगितला तो बरोबर असेल, परंतु माझ्यासारख्यांची भीती अज्ञानातून आलेली नव्हती. आम्ही डोळ्यांनी पाहिले होते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, एका सरकारी रुग्णालयात, भूल न देता केलेली ‘डायरेक्ट’ ईसीटी मी पाहिली आहे. एकाच दालनात पाच-सहा रुग्ण ओळीने बसवलेले असत. पुढच्याचे काय होते ते मागच्याला दिसे. एक जण खांदे धरी, एक कंबर, एक गुडघे, आणि माझ्याकडे हनुवटी असे, कारण जबडा निखळू नये म्हणून ती खालून वर दाबून धरावी लागे. संध्याकाळी घरी भाजी चिरताना माझे मनगट दुखत असे. माझ्या मुलीने शाळेत ‘आई काय काम करते’ यावर निबंध लिहिला, तेव्हा मी तिला इंजेक्शन देते एवढेच सांगितले होते.

पुढे भूल देऊन ईसीटी सुरू झाली आणि ज्यांनी तोवरची पाहिली नव्हती त्या नव्या मुलींना माझी अस्वस्थता कळेना. आता रुग्ण सहा तास उपाशी असतो, नखांवरचे पॉलिश काढलेले असते, ऑक्सिजन चालू असतो आणि दातांत रबरी गार्ड असतो. सक्सिनिलकोलीन देण्यापूर्वी आम्ही एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून बांधतो, म्हणजे ते औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही. औषध भिनते तेव्हा चेहऱ्यापासून खाली बारीक थरथर जाते आणि मग सगळे अंग सैल पडते. बटण दाबल्यावर बाकीचे शरीर जवळजवळ स्थिर असते, फक्त त्या एका पावलाची बोटे आखडतात आणि मग तालात हलू लागतात. मी घड्याळ लावून मोजते : पंचवीस सेकंद, तीस, चाळीस. बोटे थांबली की आकडी संपली. कागदावर मेंदूच्या लहरींचा आलेख सपाट होतो. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस ‘‘झालं का?’’ असे विचारतो.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95ने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांशिवाय ईसीटी देण्यास बंदी घातली. अल्पवयीन मुलांना ईसीटी द्यायची तर पालकांच्या संमतीबरोबर या कायद्याखालील मानसिक आरोग्य मंडळाची आगाऊ परवानगी लागते. हा नियम वाचला तेव्हा मला बरे वाटले आणि रागही आला, कारण इतकी वर्षे आम्हाला सांगितले जात होते की भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून इलाज नाही. कायदा झाल्यावर ते मिळू लागले. ताई, तुमच्या घशात काय बसले आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या हातात अजून ती हनुवटी आहे.

उत्तर ३ : भूल_विभाग

वरील प्रतिसादाला एक छोटी पुस्ती जोडतो. ईसीटीच्या जोखमीविषयी मानसशास्त्रज्ञ मला विचारतात तेव्हा त्यांच्या मनात फार मोठा आकडा असतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील नोंदींच्या आढाव्यात दर एक लाख उपचारांमागे सुमारे 2 मृत्यू आढळले होते. एखाद्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या संपूर्ण भुलीच्या जोखमीहून ही फार वेगळी गोष्ट नाही. हृदयविकार, नुकताच झालेला पक्षाघात, मेंदूतील वाढलेला दाब यांची तपासणी आधी करावीच लागते. मात्र आमच्या विभागातही ईसीटीची यादी सगळ्यात कनिष्ठ डॉक्टरकडे सरकवली जाते आणि ती ‘खऱ्या’ शस्त्रक्रियांनंतर घ्यावी असा आग्रह धरला जातो. सकाळपासून उपाशी असलेला नैराश्याचा रुग्ण दुपारी एकपर्यंत बाकावर बसून राहतो. याला कलंक म्हणावे की बेपर्वाई, हे मला ठरवता आलेले नाही.

उत्तर ४ : नऊ_वेळा

मी रुग्ण आहे, किंवा होतो. मूळचा इंदूरचा, व्यवसायाने अभियंता. काही वर्षांपूर्वी मला नऊ वेळा ईसीटी दिली गेली. तिच्याविना मी हे लिहायला उरलो असतो असे मला वाटत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी मला विरोधकांच्या रांगेत बसवणार नाही.

उपचार सुरू होण्यापूर्वी स्मरणशक्तीविषयी मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी हसून सांगितले की दोन-तीन आठवड्यांत सगळे परत येते. बरेचसे आले. उपचाराच्या आधीचे सुमारे तीन महिने मात्र आले नाहीत. त्या काळात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे बारसे झाले होते. छायाचित्रात मी आहे, अंगात क्रीम रंगाचा कुर्ता आहे, मांडीवर बाळ आहे आणि मी हसतो आहे. तो कुर्ता अजून कपाटात आहे. बारशाच्या दिवसाचे मात्र माझ्याकडे काहीही नाही. तपासणीला गेल्यावर हे सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की ते नैराश्यामुळेही असू शकते. असू शकतेच, मी नाकारत नाही. पण त्या क्षणी मला उत्तर नको होते, कोणीतरी ‘हो, असे होते’ एवढेच म्हणायला हवे होते. नंतर मी वाचले की 2003 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रुग्णांच्या अनुभवांचा आढावा आला होता आणि त्यात किमान एक-तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेल्या स्मृतिलोपाची तक्रार केली होती. हा आकडा मला आधी सांगितला असता तरी मी सही केलीच असती. फक्त ती सही माझी असती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावण्याऐवजी फक्त उजव्या बाजूला लावले, तर स्मृतीवर परिणाम कमी होतो, आणि पुरेशी मात्रा दिली तर गुणही येतो. माझ्या प्रकृतीला दोन्ही बाजूंची पद्धतच योग्य होती, असे दुसऱ्या डॉक्टरांनी कागदपत्रे पाहून सांगितले. असेल. पण हा पर्याय अस्तित्वात आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

ताई, मानसशास्त्रज्ञांकडे गेलो की ते माझ्या स्मृतीविषयी विचारतात आणि मान हलवतात. मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो की ते मी कामावर रुजू झालो का ते विचारतात आणि मान हलवतात. दोघांनाही माझी अर्धीच गोष्ट हवी असते. कार्यालयात रजेच्या अर्जावर मी ‘तीव्र मायग्रेन’ असे लिहिले होते, त्यामुळे आजही कोणी ना कोणी मला डोकेदुखीवरचे घरगुती उपाय सांगत असते.

उत्तर ५ : समाजकार्य_विभाग

नऊ_वेळा यांनी संमतीचा मुद्दा काढला, तो पुढे नेते. मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यातले लोक ईसीटीबद्दल साशंक असतात, यावर ‘त्यांना माहिती कमी’ एवढेच स्पष्टीकरण दिले जाते. मला ते अपुरे वाटते. आमचे शिक्षण ज्या दस्तऐवजांवर झाले त्यांत मनोरुग्णालय म्हणजे सक्तीची जागा होती. आपल्याच मध्य प्रदेशातील ग्वाल्हेरचे मनोरुग्णालय घ्या : रांची आणि आग्रा यांच्या जोडीने त्याच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले होते. अशा पार्श्वभूमीवर आम्ही यंत्राकडे बघायच्या आधी दार आतून उघडते का, ते बघतो.

आता 2017च्या त्याच कायद्यात आधार आहे आणि तो आपण वापरावा. कलम 94 तातडीच्या उपचारांना मुभा देते, पण तातडीचा उपचार म्हणून ईसीटी देण्याची मुभा त्यात नाही. कलम 5 नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपल्याला कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकते. आतापर्यंत मी असे लेखी निर्देश करायला मदत केलेल्या लोकांपैकी एका बाईंनी लिहिले आहे, ‘‘मी जेवण सोडले तर मला ईसीटी द्या, मी तेव्हा नाही म्हटले तरी.’’ माझ्या आयुष्यभराच्या साशंकतेला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का होता आणि तो विजेचा नव्हता.

प्रश्नकर्तीचे उत्तर : संध्याकाळचे_क्लिनिक

सर्वांचे आभार. मध्यंतरी मी एका मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीच्या आणि तिच्या रुग्णाच्या परवानगीने तीन वेळा ईसीटीच्या खोलीत उभी राहिले. सिस्टरताई, तुम्ही लिहिले होते म्हणून मी फक्त पावलाकडे पाहिले. पहिल्यांदा बोटे हलू लागली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तिसऱ्यांदा मीही मनात सेकंद मोजत होते. बाहेर येऊन मला एवढेच सुचले की हे मी अकरा वर्षांपूर्वी पाहायला हवे होते.

नऊ_वेळा, तुमच्यानंतर मी कुटुंबांना काय सांगायचे ते कागदावर लिहून काढले. ‘शेवटचा उपाय’ हे शब्द त्यातून काढले आहेत. आता मी सांगते की आठवड्यात दोन-तीन वेळा, एकूण साधारणपणे सहा ते बारा वेळा हा उपचार होतो, प्रत्येक वेळी भूल असते, उपचाराच्या आसपासच्या काळातील काही आठवणी पुसट होऊ शकतात, काहींच्या त्या परत येत नाहीत, आणि इलेक्ट्रोड कुठे लावणार हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘शॉक’ हा शब्दही मी टाळत नाही, कारण लोक तोच वापरतात. मी फक्त तो इतर शब्दांच्याच आवाजात म्हणते.

या वाचनात मला आणखी एक गोष्ट सापडली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ईसीटीने बऱ्या झालेल्या रुग्णांना पुढे नुसत्या नकली गोळ्या दिल्या, तेव्हा 24 आठवड्यांत 84 टक्के लोकांचा आजार उलटला. नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्यविरोधी औषध दिलेल्यांत हे प्रमाण 60 टक्के, आणि त्याला लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड दिलेल्यांत 39 टक्के होते. म्हणजे यंत्र बंद झाल्यावर पुढची वाट लांब असते आणि त्या वाटेवर माझ्यासारख्यांचे काम आहे. मी मात्र इतकी वर्षे ईसीटी म्हणजे आपल्या हातून निसटलेला रुग्ण, असेच समजत होते.

शिक्षिकाबाई आता दर पंधरा दिवसांनी मंगळवारी येतात. पुसट झालेल्या आठवड्यांची एक वही आम्ही करतो आहोत : सून सांगते, बाई स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून घेतात, आणि जिथे कोणालाच आठवत नाही तिथे ओळ कोरी सोडतात. मुलगा त्यांना स्कूटरवरून आणतो, पण आत येत नाही. मागच्या वेळी मीच खाली जाऊन त्याला सांगितले की त्या दिवशी माझे चुकले होते. तो म्हणाला, ‘‘मॅडम, घाई करू नका असं तुम्ही म्हणालात, ते आम्हाला तेव्हा ऐकायचंच होतं,’’ आणि हेल्मेटचा पट्टा लावत राहिला.